बोरगाव मेघेचा पाऊस कोणी मोजायचा?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, वर्धा

विषय : ग्रामपंचायतनिहाय हवामान अंदाज, वादळाचे इशारे आणि गावातील पर्जन्यनोंद

महोदय,

केंद्रीय पंचायती राज मंत्रालय आणि भारतीय हवामान विभाग यांनी २४ ऑक्टोबर २०२४ रोजी देशातील ग्रामपंचायतींसाठी पाच दिवसांचा हवामान अंदाज देण्याची व्यवस्था सुरू केली, आणि तेव्हापासून बोरगाव मेघे या नावापुढेही तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता व ढगांचे प्रमाण यांचे आकडे ‘ई-ग्रामस्वराज’, ‘मेरी पंचायत’ आणि ‘ग्राम मानचित्र’ या सरकारी माध्यमांवर पाहता येऊ लागले. जिल्ह्याच्या, फार तर तालुक्याच्या नावाने मिळणारा अंदाज गावाच्या नावाने मिळू लागणे ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. मात्र ज्या गावाच्या नावाने हा अंदाज येतो त्या गावात पाऊस मोजण्याची सोय राज्यात बहुधा नसते. पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळात, म्हणजे अनेक गावांच्या गटात, आणि अतिवृष्टी झाली की नाही याचा निर्णयही त्याच मोजणीवर होतो. अंदाज गावाचा आणि मोजणी मंडळाची, ही विसंगती जोवर कायम आहे तोवर अंदाज खरा ठरला की चुकला हे शेतकऱ्यालाही सांगता येणार नाही आणि अंदाज देणाऱ्यालाही नाही. प्रस्तुत पत्र मुख्यतः त्या विसंगतीविषयी आहे.

गावाचा अंदाज म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. हवेचा दाब, तापमान, बाष्प आणि वारा यांच्या आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती गणिताने काढण्याच्या पद्धतीला संख्यात्मक प्रारूप म्हणतात, आणि हे गणित पृथ्वीच्या पृष्ठभागावर कल्पिलेल्या चौकोनांच्या जाळीवर केले जाते, ज्यात प्रत्येक चौकोनाला पावसाचा एकच आकडा मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाली, तेव्हा या चौकोनाची बाजू १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली, म्हणजेच पूर्वी १४४ चौरस किलोमीटरला एक आकडा होता तेथे आता ३६ चौरस किलोमीटरला एक आकडा मिळू लागला. वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर असल्याने या हिशेबाने जिल्ह्यावर साधारण पावणेदोनशे चौकोन बसतात. जगातील कोणत्याही हवामान संस्थेला अभिमान वाटावा अशी ही सुधारणा असली, तरी बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, पिपरी मेघे आणि नालवाडी ही वर्धा शहराला वेढून बसलेली गावे या जाळीत एकाच किंवा शेजारच्या दोन-तीन चौकोनांत येतात, आणि त्यांच्या नावांपुढे दिसणारे वेगवेगळे आकडे हे वेगळ्या निरीक्षणातून आलेले नसून शेजारच्या चौकोनांच्या आकड्यांमधून हिशेबाने काढलेले असतात. गावाचे नाव छापल्याने अंदाज गावाचा होत नाही. तो त्या परिसराचा असतो, आणि तसे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही.

बोरगाव मेघेची स्थिती यात आणखी एका कारणाने चमत्कारिक आहे. कारभाराने ग्रामपंचायत असलेले हे गाव शहराला इतके खेटून वाढले आहे की जनगणनेच्या परिभाषेत ते ‘जनगणना नगर’ ठरते, म्हणजे नगरपालिका नसूनही लोकवस्ती आणि रोजगार यांच्या निकषांवर शहरी मानले जाते. ले-आउट पडत गेले आणि वावरे मागे सरकत गेली, परंतु शेती संपलेली नाही. परिसरात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर आजही उभी असते. अशा ठिकाणी शहरासाठीचा अंदाज वाचणारा नोकरदार आणि शेतीसाठीचा अंदाज शोधणारा शेतकरी एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात असतात, आणि त्या दोघांना लागणारी माहिती मात्र एक नसते. नोकरदाराला छत्री न्यायची की नाही एवढेच हवे असते. शेतकऱ्याला पाऊस किती वाजता, किती वेळ, किती वाऱ्यासह आणि त्यानंतर वाफसा किती दिवसांनी, हे हवे असते.

अंदाजाच्या भाषेत सर्वांत जास्त घोटाळा ज्या शब्दाने केला आहे तो म्हणजे ‘तुरळक’. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हा पावसाच्या जोराविषयीचा शब्द नाही, तर पावसाच्या पसाऱ्याविषयीचा आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडला, तर तो तुरळक ठिकाणी पडला असे म्हणतात, २६ ते ५० टक्के केंद्रांवर पडला तर ‘काही ठिकाणी’, आणि हे प्रमाण तीनचतुर्थांशाच्या पुढे गेले की तो जवळजवळ सर्वदूर मानला जातो. पावसाच्या जोराची मापे निराळी आहेत : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस हा मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर हा अति मुसळधार आणि त्याहून अधिक तो अत्यंत मुसळधार. यावरून ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ या वाक्याचा खरा अर्थ असा होतो की विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर इतका पाऊस पडेल, परंतु जेथे पडेल तेथे शेत खरडून नेण्याइतका पडू शकेल. बोलीभाषेत मात्र तुरळक म्हणजे चार थेंब. वाक्यातला ‘ठिकाणी’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानातून निसटतो, ‘तुरळक पाऊस’ एवढेच उरते, आणि ऑक्टोबरात सोंगणी करून वावरात पसरलेले सोयाबीन उघडे राहते. दुसऱ्या बाजूने, ज्या तीनचतुर्थांश गावांत त्या दिवशी मुसळधार पाऊस झालेला नसतो तेथे अंदाज खोटा ठरला असे मत बनते, वास्तविक अंदाजाने त्या गावांना कोणतेही वचन दिलेले नसते. परिभाषा चुकीची आहे असा येथे दावा नाही. परिभाषा शास्त्रज्ञांनी परस्परांशी बोलण्यासाठी केलेली आहे आणि ती तशीच्या तशी ग्रामपंचायतीच्या फलकावर उतरवली जाते, ही खरी अडचण आहे.

वादळाच्या इशाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे वेळ दिवसांत नव्हे तर मिनिटांत मोजावा लागतो. मार्च ते मे या काळात विदर्भाची जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे आणि वायव्येकडून येणारे कोरडे वारे मध्य भारतावर समोरासमोर येतात, आणि त्यांच्या सीमेवर जो लांबट पट्टा तयार होतो त्यालाच वर्तमानपत्रांत ‘विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा’ असे म्हटले जाते. या पट्ट्यालगत दुपारनंतर हवा वेगाने वर चढते आणि दहा ते पंधरा किलोमीटर उंचीचे गर्जणारे ढग तयार होतात, ज्यांच्या पोटात थेंब गोठून गारा होतात. पुढे पावसाच्या ओझ्याने थंड हवा खाली कोसळते व जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाआधी येणारा, धूळ उडवणारा, टिनपत्रे उचलणारा वारा म्हणजे हीच कोसळलेली हवा होय. अशा एकट्या ढगाचे आयुष्य बहुधा अर्धा ते एक तासच असते आणि त्याची रुंदी काही किलोमीटर, त्यामुळे सहा किलोमीटरच्या चौकोनातही तो पुरता पकडला जात नाही. उद्या दुपारी जिल्ह्यात वादळे होतील इतके प्रारूप सांगू शकते. वादळ कोणत्या शिवारावर येईल हे ढग उभा राहिल्यावरच, आणि तेही रडारवर पाहून, सांगता येते. फेब्रुवारीअखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाला झोडपणाऱ्या गारपिटीने हा फरक राज्याला महाग शिकवला.

वर्ध्याचे एक सुदैव येथे नोंदवले पाहिजे. नागपूरचे डॉप्लर रडार बोरगाव मेघेपासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. डॉप्लर रडार म्हणजे रेडिओलहरींचा झोत सोडून, थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून पावसाचा जोर आणि वाऱ्याची गती दोन्ही मोजणारे यंत्र. पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि झोताच्या तिरकेपणामुळे दूरच्या गावांवर हा झोत फार उंचावरून जातो व ढगाचा खालचा भाग त्याला दिसत नाही, परंतु वर्ध्यावर त्याची उंची जेमतेम एक किलोमीटर असते, म्हणजे ढगाचे पोट जवळपास पूर्ण दिसते. देवळीवर उभा राहिलेला ढग ताशी तीस किलोमीटर वेगाने ईशान्येकडे सरकू लागला तर तो अर्ध्या तासाच्या आसपास बोरगाव मेघेवर येऊ शकतो, आणि रडारचे चित्र साधारण दहा मिनिटांनी बदलत असल्याने तो येत आहे हे नागपूरला वेळेत कळू शकते. यावरूनच नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पुढील तीन तासांसाठीचा तातडीचा अंदाज देते. हा इशारा मात्र बहुतेक वेळा ‘वर्धा जिल्हा’ एवढ्याच नावाने भ्रमणध्वनीवर उतरतो. आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत शंभर किलोमीटरहून लांब पसरलेल्या जिल्ह्याच्या एका टोकावरील ढगासाठी दुसऱ्या टोकावरील शेतकऱ्याने दर वेळी काम टाकून घर गाठावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही; दोन-तीनदा कोरडे आभाळ पाहिल्यावर तो संदेश न वाचताच पुसू लागतो. रडारला तालुका दिसतो, ढगाची दिशा दिसते, आणि संदेशात जिल्हा राहतो. मधली कडी तुटलेली आहे ती यंत्राची नव्हे, मजकुराची.

विजेच्या बाबतीत पुण्याच्या त्याच मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप अधिक जवळ जाते, कारण वीज चमकली की ती कोठे चमकली हे देशभर बसवलेले संवेदक ओळखतात व त्या ठिकाणाच्या भोवतालच्या लोकांना सूचना मिळते. वावरात निंदण करणाऱ्या बाईच्या हाती बहुधा स्मार्टफोन नसतो आणि असला तरी तो धुऱ्यावरच्या थैलीत असतो, ही वस्तुस्थिती कोणत्याही ॲपच्या आखणीत आधी धरली पाहिजे. तिच्यासाठी जुना हिशेबच उपयोगी आहे : चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते, आणि मुळात गडगडाट कानावर आला याचाच अर्थ पुढची वीज आपल्या शिवारात पडू शकते. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याची तरतूद राज्यात आहे. ती राबवणारी यंत्रणा जितकी पक्की आहे तितकी पक्की यंत्रणा झाडाखालून माणूस बाजूला करण्यासाठी नाही.

हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या चार रंगांनी इशाऱ्यांत सुटसुटीतपणा आणला, हे मान्य केले पाहिजे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण हे रंग मुख्यतः प्रशासनासाठी आहेत; कोणत्या रंगाला शेतकऱ्याने काय करावे याचे उत्तर रंगात नसून त्याच्या त्या दिवसाच्या कामात असते. उदाहरणादाखल असे मानू की सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकण्यासाठी मजुरीसह ६०० रुपये लागतात आणि गंजी भिजली तर १२,००० रुपयांचे नुकसान होते. खर्च नुकसानीच्या विसाव्या हिश्शाइतका असल्याने पावसाची शक्यता पाच टक्क्यांहून अधिक असली की झाकणे फायद्याचे ठरते, म्हणजे इशारा पिवळाही नसताना शहाणा शेतकरी ताडपत्री ओढतो. उलट, एकरभर फवारणी पुढे ढकलल्याने अळी हाताबाहेर जाण्याचा धोका असेल, तर तीस टक्के शक्यतेलाही तो फवारा मारण्याचा निर्णय घेऊ शकतो. दोघांना एकच रंग दाखवून भागत नाही. त्यांना शक्यतेचा आकडा हवा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्र तीव्र वादळांची पूर्वसूचना देताना ‘एखाद्या ठिकाणाच्या सुमारे ४० किलोमीटर परिघात गारा, वादळी वारा वा चक्रीवात होण्याची शक्यता इतके टक्के’ असेच सांगते आणि धोक्याच्या पाच पायऱ्या त्या टक्क्यांवरून ठरवते. आकडा लहान दिसला तरी वाचणारा बिचकत नाही, कारण त्याला त्याची सवय लावलेली आहे. ‘शक्यता आहे’ या दोन शब्दांत पाच टक्केही मावतात आणि नव्वद टक्केही, आणि मराठी हवामानवार्ता अजून त्या दोन शब्दांवरच चालली आहे.

वाऱ्याच्या रकान्याकडे तर कोणी पाहतच नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा औषधांच्या मिश्रणापासून माणसाच्या डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीपर्यंत अनेक कारणांची चर्चा झाली. वाऱ्याची दिशा आणि दुपारचा उकाडा ही त्यांतील अशी कारणे होती की ज्यांचा अंदाज आदल्या दिवशी फुकट मिळतो. ग्रामपंचायतनिहाय अंदाजात वाऱ्याची गती आणि दिशा दोन्ही असतात. उद्या सकाळी नऊपर्यंत वारा मंद, त्यानंतर फवारणी नको, एवढे एक वाक्य त्यातून रोज लिहिता येते.

असे वाक्य लिहिणारा माणूस काही काळ व्यवस्थेत होता. पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली हवामान विभागाची कृषी हवामान शाखा सुरू झाली, १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता जाऊ लागली, २००८ पासून जिल्हानिहाय कृषी सल्ला मिळू लागला, आणि पुढे ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी व शुक्रवारी पीकनिहाय पत्रके निघू लागली. त्याच मालिकेत २०१८ पासून देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडण्यात आली, जिथे बसलेला तज्ज्ञ नागपूर-पुण्याचे आकडे घेऊन तालुक्यातल्या पिकाच्या अवस्थेशी त्यांची सांगड घालत असे. ही केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. यंत्र सूक्ष्म होत गेले त्याच वर्षांत दुभाषा काढून टाकला गेला, हा निर्णय चुकीचा होता असे स्पष्ट म्हणावे लागते, कारण शेतकऱ्याला कमतरता आकड्यांची कधीच नव्हती.

ही पोकळी भरली जातच आहे, फक्त ती सरकार भरत नाही. समाजमाध्यमांवरील खासगी अंदाजकर्ते गावांची नावे घेऊन, तारखा सांगून, ‘कापूस वेचून घ्या’, ‘पेरणी उरका’ अशा आज्ञार्थी क्रियापदांत बोलतात आणि लाखोंच्या संख्येने ऐकले जातात. बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला पाऊसपाण्याच्या भाकितासाठी होणाऱ्या घटमांडणीचे निष्कर्ष दर वर्षी पहिल्या पानावर येतात, आणि सहदेव-भाडळीच्या मतांचा व नक्षत्रांच्या वाहनांचा दाखला आजही पारावर निघतो. यातले काय शास्त्रीय आणि काय नाही हा वाद येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यायचे ते इतकेच की हे सर्वजण शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या वाक्यात बोलतात आणि त्यांच्यापैकी कोणाचाही अंदाज गावाच्या वहीत उतरवून पडताळला जात नाही. सरकारी अंदाजही पडताळला जात नसेल, तर ऐकणाऱ्याने दोहोंत फरक करावा तो कशाच्या आधारावर?

पडताळणीविना रोष कुठे वळतो याचे उदाहरण बीड जिल्ह्याने दिले. पाऊस चांगला होईल हे ऐकून पेरणी केली आणि पावसाने दडी मारली, म्हणून जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. एप्रिलमध्ये जाहीर होणारा हंगामी अंदाज हा संपूर्ण देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा असतो आणि तो दीर्घकालीन सरासरीच्या, जी सध्या ८७ सेंटीमीटर धरली जाते, टक्केवारीत सांगितला जातो. त्यावरून एका तालुक्यात कोणत्या आठवड्यात पेरावे हे काढता येत नाही. म्हणून शेतकऱ्यांचा कायदेशीर मुद्दा कमकुवत होता, पण त्यामागचा प्रश्न रास्त होता : अंदाज चुकला तर त्याची नोंद कोण ठेवतो? पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा असा कृषी विभागाचा दर वर्षीचा सल्ला असतो, आणि आपल्या गावात आजवर ७५ झाला की ४० झाला हे गावात कोणालाच मोजून माहीत नसते.

येथे पत्राच्या मूळ मुद्द्याकडे येता येते. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि मंडळातील केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की तेथे अतिवृष्टी झाली असे धरले जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजेच ६५ मिलिमीटरला एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरहून अधिक. हे पाणी ढगाच्या रुंदीइतक्याच पट्ट्यात पडते, मंडळाच्या हद्दीइतक्या नव्हे. केंद्र कोरडे आणि चार किलोमीटरवरचे शिवार पाण्याखाली, किंवा नेमके उलट, असे प्रकार या रचनेत घडणारच. केंद्र शासनाच्या ‘विंड्स’ योजनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत ग्रामपंचायत स्तरावर स्वयंचलित पर्जन्यमापक अपेक्षित आहेत, आणि ते प्रत्यक्ष बसतील तेव्हा चित्र बदलेल. तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही. हवामान विभाग वापरतो तो साधा पर्जन्यमापक, ज्याच्या नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटीमीटर असते आणि ज्यातील पाणी मोजपात्रात ओतून वाचायचे असते, तो ग्रामपंचायतीच्या निधीला जड जाणारी वस्तू नाही. त्याला वीज लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. फक्त मोकळी जागा लागते, आणि भोवतालच्या भिंती-झाडांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे लागते, जे ले-आउटांनी वेढलेल्या बोरगाव मेघेत आता शोधावे लागेल. शाळेचे पटांगण हे त्याचे बहुधा सर्वांत सोपे उत्तर आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले असून स्थानिक संस्थांना पूर्वतयारीचे निर्देश देण्याचा अधिकारही त्यात अंतर्भूत आहे. त्या अधिकारात वर्धा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना, आणि आरंभ म्हणून बोरगाव मेघे व शहरालगतच्या गावांना, एक पर्जन्यमापक आणि एक वही ठेवण्याचा आदेश काढता येईल. वहीच्या डाव्या पानावर आदल्या दिवशी त्या ग्रामपंचायतीच्या नावाने आलेला अंदाज उतरवावा, उजव्या पानावर प्रत्यक्ष मोजलेला पाऊस, आणि सोबत चार खुणांपैकी एक : इशारा होता व पाऊस झाला, इशारा होता पण पाऊस झाला नाही, पाऊस झाला पण इशारा नव्हता, इशाराही नव्हता व पाऊसही झाला नाही. शास्त्रात अंदाजांची पारख याच कोष्टकाने करतात. तीन पावसाळ्यांची अशी वही तयार झाली की ‘पावसाची शक्यता’ म्हटल्यावर बोरगाव मेघेत खरोखर दहांपैकी किती वेळा पाऊस येतो हे गावाला स्वतःच्या नोंदीवरून कळेल, आणि ती नोंद नागपूरच्या केंद्रालाही प्रारूप सुधारण्यासाठी उपयोगी पडेल. या वहीने मंडळाच्या केंद्राची जागा घ्यावी अशी मागणी नाही. परंतु वहीत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस असेल आणि मंडळाच्या केंद्रावर नसेल, तर पंचनाम्यासाठी पाहणी करण्यास ते पुरेसे कारण मानावे, एवढे त्याच आदेशात म्हणता येईल.

त्याबरोबरच तीन तासांच्या इशाऱ्यात जिल्ह्याऐवजी तालुक्याचे नाव व ढगाच्या सरकण्याची दिशा यावी यासाठी नागपूरच्या केंद्राशी बोलणी व्हावीत, ‘तुरळक ठिकाणी’सारख्या परिभाषेसोबत तिचा अर्थ एका ओळीत जोडला जावा, आणि सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडे पावसाळ्यापुरते तरी रोजचे एक कामाचे वाक्य लिहिण्याची जबाबदारी सोपवावी. ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून सायंकाळी ते वाक्य वाचले गेले तर ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही ते मिळेल. दवंडी बंद झाली असली तरी ऐकणारे कान अजून आहेत.

आदेश काढताना एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे लागेल. हवामान विभागाच्या पद्धतीप्रमाणे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि पर्जन्यमापक त्याच वेळी, रविवार व सण धरून, वाचावा लागतो. ग्रामपंचायतीचे कार्यालय त्यानंतर उघडते. म्हणून ही नोंद ग्रामपंचायत कर्मचाऱ्याने घ्यायची, पोलीस पाटलांनी, की पटांगणाशेजारी राहणाऱ्या एखाद्या मानधनी व्यक्तीने, हे आदेशात पदनामासह लिहिले जावे.